साडेसहा मीटर

तत्त्वासाठी सर्वस्व पणाला लावणारी माणसं आता उरली नाहीत, असं शोकसभेत म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. माझ्या ओळखीत असा एक माणूस होता. त्याचं तत्त्व साडेसहा मीटर लांब होतं.

प्रभाकर वाघमारे नॉटिंगहॅमला आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. सगळी नोकरी त्यांनी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, पार्क खात्यात केली. शहरापासून तासाभरावर कौन्सिलचं एक मोठं पार्क आहे. मध्ये तळं, भोवती बर्चची झाडं आणि तळ्याकाठी बारा कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, मावतील एवढी कॅम्पसाइट. प्रभाकरराव तिथे आधी वॉर्डन होते, नंतर वॉर्डनचे साहेब झाले. तिथल्या फाटकावर हिरवी पाटी होती. तिचा मराठीत अर्थ असा: गाडीमागून ओढून आणलेल्या कोणत्याही कॅरव्हॅनची एकूण लांबी, पुढच्या हुकापासून मागच्या बंपरपर्यंत, साडेसहा मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. हे वाक्य त्यांनी लिहिलेलं होतं. आमच्या महाराष्ट्र मंडळात पाचसहा जणांनी स्वखर्चाने कवितासंग्रह काढले आहेत. प्रभाकररावांचं हे एकच वाक्य छापलं गेलं, पण लोक ते गाडी थांबवून वाचायचे.

पाटीतला 'हुकापासून' हा शब्द त्यांना फार प्रिय होता. "कंपनी फक्त पोट मोजते, लिमयेसाहेब," ते मला सांगायचे. "नाक, म्हणजे पुढचा हुकाचा दांडा, धरतच नाही. माणूस विकत घेतो साडेपाच मीटर आणि दारात येतो सात मीटर घेऊन. मग माझ्याकडे बघतो, जणू मीच ती ओढून लांब केली." मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. आमच्याकडेही पुस्तकं उंचीप्रमाणे लावायची एक कोपऱ्यातली खोली होती, त्यामुळे मला हे ऐकायला आवडायचं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला तो एक मजेशीर छंद वाटायचा. पगार घेऊन करायचा छंद.

एका उन्हाळ्यात मंडळाची सहल त्या तळ्याकाठी गेली. स्लाऊहून एक गृहस्थ आले होते. त्यांची ट्रेडिंग इस्टेटमध्ये दोन गोदामं होती आणि ही गोष्ट ते पहिल्या पाच मिनिटांत सांगत. त्यांची कॅरव्हॅन पाहून मला क्षणभर आमची गल्लीच चाकांवर आल्यासारखी वाटली. प्रभाकरराव टेप घेऊन पुढे झाले. एकदा मोजलं, मागे गेले, पुन्हा मोजलं.

"सात मीटर दहा," ते म्हणाले. "आत नाही जाणार."

"अहो वाघमारे," गृहस्थ हसले, "आपलाच माणूस आहात तुम्ही."

"म्हणून तर दोनदा मोजलं."

त्या कुटुंबाला रात्रीपुरतं हॉटेल शोधावं लागलं. त्यांच्या डब्यातले तीस जणांचे बटाटेवडे त्यांच्याबरोबरच गेले, आणि सहल मोडली ती खरी त्यामुळे. मंडळाने पुढचं वर्षभर प्रभाकररावांशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे नमस्कार व्हायचा, पण त्यात चहा नसायचा.

बहिष्कार उठला तो गणपतीमुळे. मंडळाने नवा हॉल भाड्याने घेतला होता आणि मखर एका सुताराकडून आठ फुटी करून घ्यायचं ठरलं. कोणीतरी म्हणालं, दार मोजून घ्या. मोजणारा माणूस सगळ्यांना माहीत होता. प्रभाकरराव बौद्ध, घरी मूर्ती नाही, पूजा नाही. सेक्रेटरी जरा अवघडून विचारायला गेले. "मी आरतीला थांबत नाही," प्रभाकरराव म्हणाले, "पण दार कोणाचंही असलं तरी दारच असतं." येऊन त्यांनी दार मोजलं, जिन्याचं वळण मोजलं, मखराचे तीन भाग करायला सांगितले आणि घरी गेले. त्यानंतर दर वर्षी बोलावणं जायचं. ते यायचे, मोजायचे आणि आरतीची ताटं बाहेर येण्याआधी कोट घालायचे. हे त्यांनी कधी कोणाला समजावून सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. आम्ही याला आपला सहिष्णुपणा समजत होतो.

साडेसहाच का, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. शालिनीवहिनी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या, बरीच वर्षं रात्रपाळीला. बोलायला सडेतोड, आणि नवऱ्याबद्दल बोलताना विशेष.

"भाऊजी, तुम्ही हसता त्या टेपला. मी पण हसले असते. पण एकदा तिथे एका माणसाला छातीत दुखायला लागलं. सहा नंबरच्या जागेवर. ॲम्ब्युलन्स आली, तर वळणावर एका लांबड्या कॅरव्हॅनचं शेपूट रस्त्यात आलेलं. हे आणि तिचा मालक, दोघं ढकलतायत. ती हलली तेव्हा उशीर झाला होता. गवतावरच गेला तो. हे घरी आले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेले आणि तीन दिवस तो रस्ता मोजत होते."

मी विचारलं, की प्रभाकरराव हे स्वतः का सांगत नाहीत?

"सांगितलं की लोक नियम पाळतात कीव येऊन," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना कीव चालत नाही. नुसता पाळलेला चालतो."

प्रभाकररावांच्या निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी वहिनींच्या हातातून कप पडायला लागले. आजार स्नायूंचा होता, हळूहळू एकेक अवयव काढून घेणारा. त्या नर्स असल्यामुळे डॉक्टरांना त्यांच्याशी खोटं बोलायची सोय नव्हती. "दोन उन्हाळे," त्यांनी आम्हाला सांगितलं, हवामानाचा अंदाज सांगावा तसं. "दुसरा धरून चालू नका."

आणि त्यांना तळ्याकाठी जायचं होतं. मुलगी स्नेहा लहान असताना प्रभाकररावांची ड्यूटी पार्कात असली की वहिनी रात्रपाळी संपवून थेट तिथे जायच्या आणि छोट्या कॅरव्हॅनमध्ये दिवसा झोपायच्या. "आयुष्यात मला गाढ झोप एवढ्या एकाच ठिकाणी लागली," त्या म्हणायच्या. "मला तिथे परत एक आठवडा झोपायचंय. बाकी काही नको. काशी नको, लंडन नको."

जुन्या कॅरव्हॅनच्या दारातून चाकाची खुर्ची जात नव्हती. रुंद दार, उतरता फळा आणि योग्य उंचीचा पलंग असलेली एक कॅरव्हॅन प्रभाकररावांनी तीन महिने शोधून मिळवली. तिची लांबी हुकापासून बंपरपर्यंत सहा मीटर चौऱ्याऐंशी होती. चौतीस सेंटीमीटर जास्त. हे त्यांना घेताना माहीत होतं. त्यांच्या नजरेतून असं काही सुटणं शक्य नव्हतं. "तशी दुसरी मिळत नाही," एवढंच ते म्हणाले. मग ते वहिनींना समुद्राकाठच्या एका खाजगी साइटवर घेऊन गेले. तिथे तीनशे कॅरव्हॅन आणि एक जुगाराचा हॉल होता. वहिनी चौथ्या दिवशी परत आल्या. "कॅम्पसाइट नव्हती, भाऊजी. कार पार्क होतं. फक्त गाड्यांच्या आत माणसं होती."

त्यानंतरच्या एका रविवारी प्रभाकरराव मंडळाच्या हॉलमागच्या मोकळ्या कार पार्कात दिसले. त्यांनी तळ्याकाठच्या एक नंबरच्या जागेचा पूर्ण आकार जमिनीवर आखला होता. आपल्याकडे शाळेत कबड्डीचं मैदान आखतात तसा. इथे फक्की मिळत नाही, म्हणून त्यांनी तांदळाचं पीठ वापरलं होतं. रस्ता कुठे, झाड कुठे, वळण कुठे, सगळं पांढऱ्या रेघांनी. मग त्यांनी कॅरव्हॅन आत ढकलली, रिमोटवर चालणाऱ्या चाकांनी, इंच इंच. ती बसली. शेपूट रस्त्याच्या रेघेपासून चांगलं हातभर आत राहिलं. एक नंबर फाटकाजवळ आहे, वळणाच्या अलीकडे. तिथे कोणाचीच वाट अडत नाही.

"बसते की हो," मी म्हणालो.

"बसते. मला माहीत होतं."

"मग?"

ते उत्तर देणार होते, पण तेवढ्यात कबुतरं आली. बघता बघता त्यांनी रस्त्याची डावी कड खाल्ली, मग वळण खाल्लं. प्रभाकरराव हात हलवत त्यांच्या मागे धावले. मी हसलो. ते हसले नाहीत. गाडीत बसलेल्या वहिनी मात्र काच खाली करून म्हणाल्या, "राहू द्या हो. नियम खाणारं कोणीतरी भेटलं."

आता माझी चूक. आमच्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाला ही चूक चूक वाटतच नाही. पार्क खात्याचे सध्याचे साहेब दर महिन्याला माझ्याबरोबर एका वाचनगटात बसायचे. मी त्यांना फोन केला. फार काही बोललो नाही. वाघमारे यांची नोकरी, पत्नीचा आजार, चौतीस सेंटीमीटर. ते म्हणाले, अरे, एवढंच ना. आमच्या घरात असंच चालायचं. शाळेचा प्रवेश, टेलिफोन, गॅस. ओळख निघाली की दार आपोआप रुंद व्हायचं, आणि याला आम्ही माणुसकी म्हणत होतो.

आठवड्यात प्रभाकररावांना पत्र आलं. ते घेऊन ते माझ्याकडे आले, बूट काढून आत बसले आणि पत्र टेबलावर ठेवलं. खात्यासाठी केलेल्या दीर्घ सेवेची दखल घेऊन, श्री. वाघमारे यांना एक वेळची खास सवलत म्हणून, एक नंबरची जागा सात दिवसांसाठी. खाली पेनाने लिहिलं होतं, की आपल्या दोघांच्या स्नेह्याकडून परिस्थिती कळली.

"तुम्ही चांगल्या मनाने केलंत," ते म्हणाले.

मी पत्राची घडी घातली.

"माझे वडील गवंडी होते. गावातल्या वाचनालयाच्या पायऱ्या त्यांनी बांधल्या. आत जाऊन पेपर वाचायला बंदी नव्हती. तसा नियमच नव्हता. टेबलाशी कोण बसलंय त्यावर असायचं. एक मास्तर होते, चांगल्या मनाचे. ते असले की म्हणायचे, ये रे, बस. दुसरे असले की वडील पायरीवरून परत यायचे. नियम लिहिलेला असता तर त्यांनी तो दाखवून भांडण तरी केलं असतं. चांगल्या मनाशी कसं भांडणार?"

मी जन्मभर ग्रंथालयात काम केलेला माणूस. टेबलाशी बसण्याचा अनुभव मला होता. त्या दिवशी मी चहा करायला आत गेलो आणि जरा जास्तच वेळ लावला.

त्यांनी पत्र परत पाठवलं. सोबत स्वतःचं पत्र जोडलं: मला सवलत नको. आजारी किंवा अपंग माणसासाठी बनवलेली कॅरव्हॅन कोणाचीही असो, तिला एक नंबरची जागा मिळावी, सात मीटरपर्यंत, आणि तसं पाटीवर यावं. कलमाचा मजकूर त्यांनी सोबतच लिहून दिला होता. उत्तर आलं, की सूचना स्वागतार्ह आहे, नियमात बदल असल्यामुळे ती वसंतातल्या कमिटीपुढे ठेवण्यात येईल. तेव्हा ऑगस्ट चालू होता.

स्नेहा हॅरोहून आली. ती वकील आहे, इथेच जन्मलेली, आणि तिचं मराठी तिच्या युक्तिवादाइतकं पक्कं नाही. "बाबा, हा गोष्ट सिंपल आहे," ती म्हणाली. "हे फेवर नाही, राइट आहे. लॉमध्ये आहे. त्यांना द्यावाच लागेल."

"मग हक्क म्हणून लिहू दे त्यांना. त्यांनी सेवा म्हणून लिहिलंय. झाडूवाल्याच्या बायकोला हे पत्र आलं असतं का?"

"आय डोन्ट केअर पत्रात काय लिहिली आहे. आधी जा, मग फाइट करू. आई वेट करू शकत नाही. कमिटी करू शकते."

वहिनींचा आवाज तोवर बारीक झाला होता, पण शब्द शाबूत होते. "तुम्हाला त्या पत्रातलं वाक्य आवडलं नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "म्हणून मी तळं बघायचं नाही. असंच ना?"

"शालू, हे वाक्याचं नाही."

"वाक्याचंच आहे. माझं लग्न एका वाक्याशी झालंय." आणि थोड्या वेळाने, "बरं. होऊ द्या तुमचं."

याला संमती म्हणायचं की थकवा, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही. कॅरव्हॅन अंगणात उभी राहिली. प्रभाकरराव रोज सकाळी तिच्या काचा पुसायचे. एकदा मी त्यांना विचारलंच, की समजा चुकलात तर. ते काच पुसत राहिले. "चुकलोच असेन," म्हणाले. "पण आता पत्र परत मागून घेतलं तर ते पुन्हा चांगल्या मनानेच देतील."

ऑक्टोबरात आम्ही तिघं दिवसभरासाठी तळ्यावर गेलो. माझ्या गाडीतून, कॅरव्हॅनशिवाय. खुर्ची पाण्याच्या कडेपर्यंत नेली. बर्चची पानं पिवळी पडली होती. वहिनींना गरम पाण्याची पिशवी दिली, दोन घोंगड्या घातल्या. बदकं आली, गेली. प्रभाकररावांनी त्यांना चमच्याने चहा पाजला आणि प्रत्येक चमच्यानंतर हनुवटी पुसली. दुपारी वहिनींचा खुर्चीतच डोळा लागला, वीसेक मिनिटं. आम्ही दोघं हलायला नको म्हणून तसेच उभे राहिलो.

दिवसाच्या पाहुण्यांसाठी फाटक सहाला बंद होतं. नवा वॉर्डन, एक गोरा तरुण, खुर्ची पाहून जवळ आला. सावकाश निघा, म्हणाला, मी थांबतो, घाई नाही. प्रभाकररावांनी त्याचे आभार मानले. पावणेसहाला आम्ही फाटकाबाहेर होतो.

वाटेत प्रभाकरराव पेट्रोल पंपावर उतरले तेव्हा वहिनी मला म्हणाल्या. प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता. "भाऊजी, ह्यांनी नियम सोडला असता ना, तर मला तिथे झोप लागली नसती. ह्यांचा चेहरा बघत जागी राहिले असते." मला वाटलं, संपलं बोलणं. "पण सोडायला हवा होता," त्या म्हणाल्या.

हे मी प्रभाकररावांना सांगितलेलं नाही. पहिलं अर्धं सांगावं असं अनेकदा मनात आलं. पण नुसतं अर्धं सांगणं हीसुद्धा सवलतच झाली असती.

वहिनी फेब्रुवारीत गेल्या. घरी, पुढच्या खोलीत. वंदना झाली, स्नेहाला पाली शब्द येत नव्हते, ती नुसते ओठ हलवत होती. मंडळातले सगळे आले होते. एकाने बोलताना तत्त्वनिष्ठ जोडपं असा शब्द वापरला. प्रभाकरराव त्या वेळी खिडकीतून कॅरव्हॅनकडे बघत होते.

एप्रिलमध्ये कमिटी बसली आणि सूचना मंजूर झाली. चर्चा झाली नाही. त्यांचा मजकूर एक शब्दही न बदलता घेतला. मी अभिनंदन करायला गेलो आणि दारातच कळलं, की हा चुकीचा शब्द आहे. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले. कॅरव्हॅन विकली होती. अंगणात तिच्या चाकांखालच्या गवताचे दोन पिवळे चौकोन राहिले होते. मेअखेर ते हॅरोला मुलीकडे जाणार होते.

जाण्याआधी त्यांना पाटी बघायची होती. मेच्या मध्यात मी त्यांना तिकडे घेऊन गेलो. पाटी नवी होती, त्याच हिरव्या रंगाची, खाली नवं कलम जोडलेलं. त्यांनी ती चष्मा लावून सावकाश वाचली. मग आम्ही आत गेलो. एक नंबरच्या जागेवर खडी टाकून ती लांब केली होती, खुर्चीसाठी सपाट वाट केली होती, नळ बुटका बसवला होता. काम चांगलं झालं होतं. प्रभाकरराव कडेला हात मागे बांधून उभे होते.

जागेच्या मधोमध एक केशरी तंबू होता. एका माणसाचा. बाजूला सायकल आडवी टाकली होती आणि तिचा मालक बुटक्या नळाशी गुडघे टेकून मोजे धूत होता. प्रभाकररावांनी त्याला गुड मॉर्निंग केलं. त्यानेही केलं, आणि म्हणाला, की बाकी अकरा जागा भरल्या होत्या, ही एवढी मोठी कशाला ठेवलीय कोण जाणे.

मी वॉर्डनकडे निघालो होतो. प्रभाकररावांनी माझा कोपर धरला.

"त्याचं बरोबर आहे," ते म्हणाले.

कलमात जागा राखीव नव्हती, फक्त जास्तीत जास्त लांबी लिहिलेली होती. कमीत कमी किती असावी हे लिहायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं.